न ठरवता राहिलेलं बाळ: पहिल्या नोंदीपासून बाळाच्या सहाव्या महिन्यापर्यंत कोणतं काम कधी करायचं

अठरा-वीस वर्षांच्या जोडप्याला दिवस गेले आणि ते ठरवून गेले नसले, की पहिले तीन-चार महिने लपवालपवीत जातात. घरी कोणी सांगायचं, सोयरे काय म्हणतील, लग्न आधी की दवाखाना आधी, यातच वेळ निघून जातो. आशाताई दोन घरं सोडून राहत असते, अंगणवाडी गल्लीच्या टोकाला असते, दवाखान्यात पैसे लागत नाहीत. तरी नोंद पाचव्या महिन्यात होते, बँक खातं बाळंतपणानंतर निघतं आणि जन्मदाखला थेट शाळेच्या वेळी आठवतो. क्रम असा उलटा लागला की प्रत्येक टेबलावर "आधी ते आणा" ऐकावं लागतं. घरातली भांडणं मिटायची तेव्हा मिटतील, खालची कामं त्यांच्यासाठी थांबवू नका.

## सुरुवातीआधी: तीन गोष्टी वहीत लिहा

पहिली, शेवटच्या पाळीची तारीख. पाळी ज्या दिवशी सुरू झाली तो दिवस. बऱ्याच मुली "पोळ्याच्या मागं-पुढं" किंवा "संक्रांतीच्या आधी" एवढंच सांगतात. भिंतीवरची दिनदर्शिका घेऊन बसा आणि सण, बाजाराचा दिवस, कापसाची वेचणी यांच्या आधाराने तारीख पक्की करा. त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते. पाळी १० ऑक्टोबरला आली असेल तर १७ जुलै. पुढची प्रत्येक मुदत, योजनेची असो की तपासणीची, या एकाच तारखेवर उभी असते.

दुसरी, दोघांचं वय, आधारवर आहे तसं. घरचे सांगतात ते वय कामाचं नाही.

तिसरी, मुलीचं नाव. आधार, पासबुक, शिधापत्रिका आणि शाळेचा दाखला समोर ठेवून चारही ठिकाणचं नाव अक्षर अक्षर लावून बघा. एकावर माहेरचं आडनाव, दुसऱ्यावर सासरचं, तिसऱ्यावर वडिलांचं नावच गायब, असं हमखास सापडतं. हा फरक आज सापडला तर दोन चकरांत मिटतो.

## १. किती आठवडे झाले, त्यावर पहिला निर्णय

बाळ ठेवायचं की नाही हा निर्णय त्या मुलीचा आहे. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि तेही ठरावीक परिस्थितीत, जसं मुलगी अल्पवयीन असणं किंवा बलात्कारातून राहिलेला गर्भ. अविवाहित असण्याने हा हक्क जात नाही. सज्ञान मुलीला फक्त स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही. १८ च्या आतली असेल तर पालकाची लेखी संमती लागते.

> सावध: मेडिकलमधून कोणी आणून दिलेल्या गोळ्या किंवा गावातल्या बाईचा काढा घेऊ नका. अर्धवट गर्भपात, न थांबणारा रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग हे तिन्ही यातूनच होतात. गोळ्या आधीच घेतल्या असतील तर दवाखान्यात ते खरं सांगा. उपचार त्यावरून ठरतो.

बाळ ठेवायचं ठरलं असेल, किंवा मुदत निघून गेली असेल, तर पुढचा टप्पा.

## २. वय १८ च्या आत असेल तर

इथेच लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि घाबरून सगळ्यात महागाची चूक करतात, ती म्हणजे मुलीला घरीच बाळंत करणं.

मुलगी १८ च्या आतली असेल तर पोक्सो कायदा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) लागतो. तिची मर्जी होती, दोघं प्रेमात होते, लग्न झालं होतं, यातलं काहीही त्याला अडवत नाही. दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं. मुलगा अडचणीत येऊ शकतो, हे खरं आहे आणि ते आधीच माहीत असलेलं बरं. पण दवाखाना उपचार नाकारू शकत नाही, आणि लहान वयाचं बाळंतपण तर सगळ्यात जोखमीचं. रक्त कमी, बीपी वाढणं, बाळ कमी वजनाचं, हे सगळं यात जास्त होतं. गर्भपात हवा असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालाने एक वाट दिली आहे. मुलगी आणि पालक यांनी विनंती केली, तर डॉक्टर पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड न करता कळवू शकतात.

करायचं ते या क्रमाने:

1. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा, क्रमांक १५१००. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. दवाखान्यात जाण्याआधी वकिलाशी बोलणं झालं तर उत्तम, पण रक्त जात असेल किंवा कळा सुरू असतील तर वकिलासाठी थांबू नका.
2. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सखी वन स्टॉप सेंटरला कळवा. क्रमांक १८१. समुपदेशन, पोलिसांत सोबत आणि तात्पुरता निवारा एकाच ठिकाणी मिळतो.
3. मुलीला घरातून काढलं असेल किंवा मारहाण होत असेल तर १०९८. बाल कल्याण समिती तिच्या राहण्याची सोय बघते.

> सावध: "पोटात आहे तर उरकून टाकू" म्हणून १८ च्या आतल्या मुलीचं लग्न लावणं हा दुसरा गुन्हा होतो. लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मुलगा २१ च्या आतला असेल तरी लग्न बेकायदाच. बाळाची तपासणी, लस, अंगणवाडी यातलं काहीही लग्नावर अवलंबून नाही, त्यामुळे लग्नाची घाई करून हाती काहीच लागत नाही.

## ३. नोंद: १२ आठवड्यांच्या आत

आशाताईला सांगा. तिला सांगायची लाज वाटत असेल, किंवा ती सासूची मैत्रीण असेल (खेड्यात हे असतंच), तर थेट उपकेंद्रातल्या नर्सताईकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. गावच्याच उपकेंद्रात नाव घालण्याची सक्ती नाही. माहेरी नोंदवलं तरी चालतं.

नोंदीनंतर दोन गोष्टी हातात आल्याच पाहिजेत: माता-बाल संरक्षण कार्ड आणि त्यावर लिहिलेला आरसीएच क्रमांक (आरोग्य खात्याच्या संगणकावरचा मुलीचा नोंद क्रमांक). कार्ड मिळालं पण क्रमांकाची जागा कोरी राहिली, ही नेहमीची चूक. क्रमांक नसेल तर संगणकावर नोंद झालेली नाही असं समजा आणि परत विचारा.

पहिल्याच भेटीत मागून घ्यायच्या तपासण्या: वजन, उंची, बीपी, एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन), लघवी, रक्तगट, साखर, एचआयव्ही आणि सिकलसेल (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार). गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती या पट्ट्यात सिकलसेल सोडून चालत नाही. ती पॉझिटिव्ह आली तर बाळाच्या बापाचीही तपासणी त्याच आठवड्यात करा. दोघं वाहक असतील, म्हणजे आजार नसला तरी दोष दोघांच्या रक्तात असेल, तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

एकूण किमान चार तपासण्या लागतात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासतात. पहिल्या बाळंतपणाला आणि कमी वयाला नुसत्या नर्सच्या तपासणीवर समाधान मानू नका, ९ तारीख धरा.

गोळ्यांचं गणित. चौथ्या महिन्यापासून लोहाची रोज एक गोळी, १८० दिवस. कॅल्शियमच्या रोज दोन. या दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही, म्हणून लोह रात्री जेवणानंतर आणि कॅल्शियम सकाळ-दुपारच्या जेवणासोबत. लोहाच्या गोळीच्या आगंमागं तासभर चहा नको. लिंबू पिळलेलं वरण चालतं. शी काळी होते, पोट जड होतं, म्हणून गोळ्या फेकू नका, वेळ बदलून बघा. एचबी ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी आणि ७ च्या खाली म्हणजे दवाखान्यात भरती. सिकलसेलचा आजार असेल तर लोह डॉक्टरला विचारूनच.

खर्रा, तंबाखू, गुडाखू बंद. कमी करून भागत नाही. बाळाचं वजन यानेच घटतं. घरात एकजण खर्रा घोटत बसला असेल तर दुसऱ्याचा सुटत नाही, म्हणून बापानेही सोडायचा.

> तपासा: कार्डावर आरसीएच क्रमांक, रक्तगट, एचबी, सिकलसेलचा निकाल आणि बाळंतपणाची तारीख, पाचही लिहिलेलं आहे ना?

## ४. खातं आणि आधार: इथे पैसे अडकतात

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. गर्भाची नोंद आणि किमान एक तपासणी पाळीच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत झाली की ३,००० रुपये. बाळाची जन्मनोंद आणि चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या लसी झाल्या की २,०००. दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,००० एकरकमी. अर्ज आशाताई किंवा अंगणवाडी ताईमार्फत, पहिल्या बाळासाठी पाळीच्या तारखेपासून ५७० दिवसांच्या आत.

नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही. "नवरा आणा" म्हणून कोणी परत पाठवलं तर हे स्पष्ट सांगा. मात्र आईचं वय १८ वर्षं ७ महिने पूर्ण लागतं. त्याआधीचीला हे पैसे मिळत नाहीत, आणि वय वाढवून लिहिलं तर आधारशी जुळत नाही, अर्ज बाद होतो. कुटुंबाकडे पिवळी शिधापत्रिका, रोजगार हमीचं जॉबकार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड किंवा आठ लाखांखालच्या उत्पन्नाचा दाखला यांपैकी काहीतरी एक हवं. जातीचा दाखला असलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींना तोच पुरतो. जॉबकार्ड बहुतेकांकडे असतं, तेच सोपं.

आता अडचण. हे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातातच असं नाही. आधारला सगळ्यात शेवटी जोडलेलं जे खातं असेल त्यात ते पडतात. शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं, वर्षानुवर्षं न वापरलेलं एखादं खातं आधारला जोडलेलं असतं, पैसे तिथे जाऊन बसतात आणि इकडे आशाताईशी भांडण होतं. म्हणून असं करा:

1. मुलीच्या एकटीच्या नावाचं एक खातं ठरवा. सासऱ्याचं नको, संयुक्त नको. बँक लांब असेल तर पोस्टमनकडून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं निघतं.
2. त्या बँकेत लेखी अर्ज द्या: "माझं आधार थेट लाभ हस्तांतरणासाठी या खात्याला जोडावं." नुसतं केवायसी केल्याने हे जोडलं जात नाही. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि बँकेतला माणूसही घाईत असला की गल्लत करतो.
3. आठवड्याभराने आधारच्या संकेतस्थळावर किंवा सेतू केंद्रात "आधारला कोणती बँक जोडलेली आहे" ते बघा. छापील कागद घ्या.
4. आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडा. सिम दर दोन महिन्यांनी बदलायची सवय इथे नडते.
5. मगच योजनेचा अर्ज.

लग्नानंतरचं नाव बदलायची घाई करू नका. सगळीकडे माहेरचंच नाव एकसारखं असेल तर काहीच अडत नाही. अर्धी कागदं बदलली की मात्र अडतं.

जननी सुरक्षा योजना वेगळी आहे. दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातीच्या मातेला दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर ग्रामीण भागात ७०० रुपये मिळतात, सिझेरियन झालं तर १,५००. रक्कम किरकोळ आहे, पण तिच्यासाठीही तेच खातं लागतं.

> तपासा: सातव्या महिन्याच्या आत मातृवंदनेचा पहिला हप्ता आला का? नसेल तर आशाताईकडून अर्जाचा क्रमांक घ्या, अर्ज कुठल्या टप्प्यावर अडलाय ते बघा, मग तालुका आरोग्य अधिकारी किंवा बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे लेखी द्या.

अंगणवाडीतही नोंद केली त्याच महिन्यात नाव घाला. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने घरी न्यायचा आहार मिळतो. आदिवासी क्षेत्रात अमृत आहार योजनेत एक वेळचं पूर्ण शिजवलेलं जेवण मिळतं. आहाराची पाकिटं घरातल्या सगळ्यांत वाटली जातात, कधी कधी शेळीलाही, तेव्हा मुलीने जेवण अंगणवाडीतच बसून खाल्लेलं बरं.

## ५. बाळंतपणाची तयारी: आठवा महिना

जागा ठरवा. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय, हा चढता क्रम. मुलगी १९ च्या आतली, उंची १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी, एचबी ७ च्या आसपास, बीपी वाढलेला, जुळं किंवा आडवं बाळ, सिकलसेलचा आजार, यांपैकी एकही असेल तर जिथे सिझेरियन आणि रक्त दोन्ही आहे तिथेच जायचं. विदर्भात अशी रुग्णालयं: नागपूरला डागा, मेयो, मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज), अमरावतीला डफरीन, अकोल्याला लेडी हार्डिंग, वर्ध्याजवळ सेवाग्राम, गडचिरोलीला महिला व बाल रुग्णालय. कुठे जायचं हे आठव्या महिन्यात डॉक्टरकडून कार्डावर लिहून घ्या. ऐन वेळी तीन ठिकाणी फिरवलं जाण्याची भीती त्याने कमी होते.

पावसाळ्यात तारीख येत असेल तर नाल्याला पूर येणाऱ्या गावातून आठ-दहा दिवस आधी हला. भामरागड, धारणी, चिखलदरा अशा भागांत आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात आधी येऊन राहता येतं. रस्ता तुटल्यावर गाडी बोलावण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

गाडी. बाळंतपणासाठी १०२, जिवावरचं असेल तर १०८. दोन्ही मोफत. तरी गावातल्या दोन गाडीवाल्यांचे क्रमांक भिंतीवर लिहा, त्यातला एक रात्री फोन उचलणारा हवा. नेटवर्क कुठल्या झाडाखाली येतं हे तुम्हाला माहीत असतं, ते सासरी नव्याने आलेल्या मुलीलाही दाखवून ठेवा.

रक्त. मुलीचा रक्तगट कार्डावर असतो. रक्त द्यायला तयार असलेली दोन माणसं आधी विचारून ठेवा.

पिशवी. माता-बाल कार्ड, दोघांच्या आधारच्या दोन-दोन झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स, शिधापत्रिका. धुऊन उन्हात वाळवलेली चार-पाच सुती कापडं, बाळाची टोपी आणि मोजे (मे महिन्यातही), आईसाठी पॅड, दोन गाऊन, वाटी-चमचा. दूधपावडर आणि बाटली घेऊ नका.

पैसे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या, आईचं जेवण, येणं-जाणं, सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. बाळ आजारी पडलं तर वर्षभराचं होईपर्यंत त्याचेही उपचार मोफत. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी दिली तर आधी "इथे का नाही" हे वैद्यकीय अधिकाऱ्याला विचारा. तरी सोबतच्या माणसाच्या जेवणाखाण्याला आणि अडीअडचणीला दोन-अडीच हजार गाठीला असू द्या.

> लगेच निघा, कळांची वाट बघू नका: अंगावरून रक्त, पाणी जाणं, डोकं प्रचंड दुखणं आणि डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, बाळाची हालचाल कमी होणं.

## ६. दवाखान्यातले ४८ तास

साधं बाळंतपण झालं तरी किमान ४८ तास थांबायचं. "पाहुणे आले, वावरात काम आहे" म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पळणं ही फार जुनी खोड आहे. आईला जास्तीत जास्त धोका पहिल्या एक-दोन दिवसांतच असतो.

1. पहिल्या तासात दूध. पिवळसर चिकाचं दूध पिळून फेकू नका. मध, गूळपाणी, घुटी काही नाही. सिझेरियन झालं तरी कोणीतरी बाळ धरून छातीला लावता येतं.
2. जन्माच्या लसी. बीसीजी, पोलिओचा डोस आणि २४ तासांच्या आत काविळीची ब लस. कार्डावर तारखा घालून घ्या.
3. वजन. अडीच किलोपेक्षा कमी असेल तर बाळाला आईच्या उघड्या छातीवर कांगारूसारखं ठेवायचं शिकून घ्या. बापालाही हे करता येतं आणि रात्री त्यानेच करावं. फार कमी वजनाचं किंवा नीट दूध न ओढणारं बाळ नवजात शिशू कक्षात ठेवतात. तिथून "आता बरं दिसतंय" म्हणून सही करून घरी आणू नका.
4. जन्मनोंदीचा फॉर्म. दवाखान्यातला कर्मचारी तोंडी विचारून नाव लिहितो. तोंडी सांगू नका, आधारची झेरॉक्स हातात द्या. "विठ्ठलराव"चं "विठल" इथेच होतं आणि पुढे वीस वर्षं छळतं.
5. पुढचं बाळ कधी. कॉपर-टी ४८ तासांच्या आत बसवता येते. तेव्हा नको असेल तर सहा आठवड्यांनी. छाया गोळी दूध पाजताना लगेच सुरू करता येते, पहिले तीन महिने आठवड्यातून दोन ठरलेले वार, नंतर एक वार. अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, दूध पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर. सगळं मोफत. "दूध पाजतेय, दिवस जाणार नाहीत" हे तेव्हाच खरं, जेव्हा बाळ सहा महिन्यांच्या आतलं असतं, रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध पितं आणि पाळी परत आलेली नसते. तिन्हींतलं एक सुटलं की भरवसा संपला.

> तपासा: सुट्टीच्या वेळी डिस्चार्ज कार्ड, लसींच्या नोंदी, जननी सुरक्षाचा अर्ज आणि घरी सोडायला १०२.

## ७. जन्मदाखला: २१ दिवस

जन्म जिथे झाला तिथेच नोंदवला जातो. बाळ नागपूरला झालं आणि गाव देसाईगंजकडचं असेल, तर गावच्या ग्रामपंचायतीत खेटे घालून उपयोग नाही. दवाखान्यातल्या जन्माची खबर दवाखाना देतो, घरी झालेल्या जन्माची खबर घरच्यांनी ग्रामपंचायतीत द्यायची. २१ दिवसांपर्यंत मोफत, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्काने, वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने, त्यानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो.

नाव ठरलं नाही म्हणून नोंद अडवू नका. बाळाचं नाव वर्षभरात फुकट टाकता येतं, बारसं सावकाश करा.

आई अविवाहित असेल आणि बापाचं नाव द्यायचं नसेल, तर तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्यावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं आहे. कोणाचं तरी खोटं नाव टाकू नका. काका-मामाचं नाव बाप म्हणून घातलेला दाखला पुढे जातीच्या दाखल्यापासून वारसापर्यंत सगळं अडवतो.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळा, आधार, मतदारयादी या सगळ्याला हाच दाखला मूळ धरतात. दाखला हातात आला की बाळाचं आधार काढा (बोटांचे ठसे घेत नाहीत, आई किंवा बापाचं आधार चालतं) आणि शिधापत्रिकेत नाव घाला. मुलगी झाली असेल आणि शिधापत्रिका पिवळी किंवा केशरी असेल, तर लेक लाडकी योजनेचा अर्ज अंगणवाडीत लगेच द्या. जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५,०००. पुढच्या हप्त्यांना कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेची अट आहे, ती अर्ज करतानाच समजून घ्या.

## ८. घरी: ४२ दिवस

आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. ही पद्धत गडचिरोलीच्याच खेड्यांतून देशभर गेली, तेव्हा आपल्याच गावात तिला दारातून परत पाठवू नका. ती आली की बाळाचं वजन करायला सांगा.

बाळाची आंघोळ पहिल्या दिवशी नको. नाळेला हळद, राख, तेल, शेण काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. पोट फुगलं म्हणून चटके किंवा डाग देणं मेळघाटात अजून होतं. त्याने पोट उतरत नाही, जखम चिघळून बाळ जातं.

उन्हाळ्यात ४५ अंशांत सगळ्यांचा जीव पाण्यासाठी कळवळतो आणि आजीला वाटतं, बाळालाही दोन चमचे पाणी द्यावं. सहा महिन्यांपर्यंत पाणी द्यायचं नाही. आईने दिवसभर पाणी पीत राहायचं आणि बाळाला जास्त वेळा पाजायचं. दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओला होतोय म्हणजे दूध पुरतंय. पातळ सुती झबलं एकच, कुलरचा झोत थेट अंगावर नको. बाळंतिणीच्या खोलीतली शेकोटी आणि बंद खिडक्या मे महिन्यात तरी सोडून द्या.

> बाळाला तातडीने न्या: दूध ओढत नाही, अंग गार किंवा तापलेलं, श्वास मिनिटाला ६० पेक्षा जास्त, छाती आत ओढली जाते, तळहात-तळपाय पिवळे, नाळेतून पू, झटके.
>
> आईला तातडीने न्या: रक्तस्राव वाढला, ताप, घाण वास, पाय एकीकडे सुजून दुखतो, डोकं असह्य दुखतं.

मुलगी सतत रडते, झोप लागत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, आणि हे दोन आठवड्यांनंतरही चालूच आहे, तर तो आजार आहे, नखरे नाहीत. टेलिमानस १४४१६ वर मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. न ठरवलेल्या बाळंतपणात घरचे टोमणे मारतात, त्याने हे वाढतं. टोमणे बंद करणं हे बापाचं काम.

## ९. सहाव्या महिन्यापर्यंत

लसी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, नंतर नवव्या महिन्यात. गावात लसीकरणाचा दिवस ठरलेला असतो, तो हुकला तर पुढचा महिना नको, त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात जा. चौदाव्या आठवड्याची लस झाली की मातृवंदनेच्या दुसऱ्या हप्त्याचा अर्ज. बहुतेकांचा हा हप्ता इथेच राहून जातो, कारण पहिला मिळाल्यावर पुढचा आपोआप येईल असं वाटतं.

कामासाठी बाहेरगावी जात असाल, वीटभट्टीवर किंवा वेचणीला, तर कार्ड सोबत घ्या. लस कुठल्याही सरकारी केंद्रात मिळते, अंगणवाडीत नाव तिथेही घालता येतं. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन ठेवायची तरतूद आहे. मागणी लेखी करा.

सहा महिने पूर्ण झाले की दुधासोबत वरचं खाणं. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा, आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी. नुसतं डाळीचं पाणी नको, त्यात पाणीच जास्त. तुरीचं घट्ट वरण, कुस्करलेली भाकर, शिजवलेलं कोहळं, अंडं, वर चमचाभर तेल किंवा तूप. चमच्यावरून ओघळणार नाही एवढं घट्ट. अंगणवाडीतल्या वजनाच्या तक्त्यावर बाळ लालमध्ये गेलं तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करा.

## १०. बाप निघून गेला, किंवा घराने दार लावलं

लग्न झालेलं नसलं तरी बाळाला बापाकडून पोटगीचा हक्क आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली अर्ज, वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून. सोबत असल्याचे फोटो, मेसेज, दवाखान्यातल्या सह्या जपून ठेवा. फोन विकण्याआधी त्यांची प्रत काढून घ्या.

एकट्या आईच्या मुलासाठी बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपयांची तरतूद आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, निर्णय बाल कल्याण समितीचा. निराधार, परित्यक्ता स्त्रीसाठी संजय गांधी निराधार योजना तहसील कार्यालयात, महिना १,५००. राहायला जागा नसेल तर १८१ वरून शक्ती सदनाची चौकशी करा.

बाळ सांभाळणं खरोखरच शक्य नसेल तर बाल कल्याण समितीसमोर ते सोपवता येतं. निर्णय बदलायला ६० दिवस मिळतात. अविवाहित आईची एकटीची संमती पुरते, विवाहित असतील तर दोघांची लागते.

> सावध: दवाखान्यातली एखादी बाई किंवा दलाल "चांगलं घर आहे, खर्चही देतील" म्हणून बाळ मागत असेल तर तो गुन्हा आहे, पैसे घेणाऱ्याचाही आणि देणाऱ्याचाही. शंभर रुपयांच्या बाँडवर केलेलं दत्तक टिकत नाही.

## ११. शाळा

मुलीचं नाव शाळेतून काढायचं कारण नाही, आणि काढलं असेल तर दाखला मागून घ्या. दहावी-बारावी १७ नंबरचा फॉर्म भरून घरून देता येते. अर्ज साधारण पावसाळ्यात सुरू होतात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेसाठी त्याआधीच्या जुलै-ऑगस्टपासूनच जवळच्या शाळेत विचारत राहायचं. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार आणि फोटो लागतात. परीक्षा केंद्र मिळालं की बाळाला घेऊन केंद्राबाहेर बसायला कोण येणार हे आधी ठरवा. तीन तासांच्या पेपरला तान्हं बाळ एकदा तरी भुकेलं होतं, त्यामुळे निघण्याआधी पाजून घ्या आणि स्वच्छ वाटीत पिळून ठेवलेलं दूध झाकून, सावलीत, सोबतच्या माणसाजवळ द्या.